कासा, कुकू आणि सहा शनिवार : डरहॅममधली जेंबे कार्यशाळा

नीलमोहर

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आमचा कार्यक्रम झाला आणि सोमवारपासून कणीक मळताना तळहात हुळहुळतायत. डोक्यात घंटेचा ठेका अजून चालूच आहे. तो चालू आहे तोवर लिहून काढते, कारण इथे तालवाद्यांवर जीव असलेली बरीच मंडळी आहेत.

मी राहते केरीला, नॉर्थ कॅरोलायनात. शेजारच्या डरहॅम गावात सहा शनिवारांची पश्चिम आफ्रिकी तालांची कार्यशाळा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून करायचा कार्यक्रम, अशी चिठ्ठी वाचनालयात दिसली. डरहॅमला याची जुनी परंपरा आहे. चक डेव्हिस या नृत्यगुरूंनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये 'डान्सआफ्रिका' महोत्सव सुरू केला आणि पुढे डरहॅमला येऊन 'आफ्रिकन अमेरिकन डान्स एन्सेंबल' उभं केलं. २०१७ मध्ये ते गेले. पण त्यांच्याकडे नाचलेली, वाजवलेली माणसं अजून गावात आहेत. आमच्या वर्गातल्या दोन आज्या त्यांच्यातल्याच.

मी लहानपणी सांगलीत सात वर्षं तबला शिकले. त्यामुळे हातात थोडी लय आहे, इतपत विश्वास होता. पहिल्याच तासाला कळलं की इथे हात वेगळा लागतो. तबल्यावर आपलं काम बोटांचं, मनगटाचं. जेंबेवर, म्हणजे हाताने वाजवायच्या पेल्याच्या आकाराच्या ढोलावर, वजन खांद्यातून येतं. आघात तीनच. मधोमध पूर्ण पंजा पडला की खर्ज. काठावर बोटं जुळवून मारली की गोल, मोकळा स्वर. त्याच जागी बोटं सैल सोडून मारली की चाबकासारखी चाट. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी यांनी अमेरिकेत शिकवताना याचे बोल रूढ केले : खर्जाला 'गुन-दुन', स्वराला 'गो-दो', चाटेला 'पा-ता'. पहिलं अक्षर उजव्या हाताचं, दुसरं डाव्या. आमच्या सरांनी हे बोल तोंडाने म्हणायला लावले आणि मला एकदम सांगलीचा वर्ग आठवला, तिथेही आधी तोंडाने, मग हाताने.

सर गिनीतल्या कोनाक्रीचे. घरी सुसू बोलतात, आमच्याशी इंग्रजी आणि चिडले की फ्रेंच.

जेंबे एकाच ओंडक्यातून कोरतात, वर बकरीचं कातडं आणि दोरीचा ताण. पण खरं सांगायचं तर या संगीताचा कणा जेंबे नाही. तो आहे दुनून. हे तीन लांबट ढोल, दोन्ही तोंडांना गाईचं कातडं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने ढोलावर बांधलेली लोखंडी घंटा वाजवायची. सगळ्यात मोठा दुनदुनबा, मधला सांगबान, धाकटा केंकेनी. ताल कुठला हे सांगबान सांगतो. जेंबेचे साथीचे ठेके पुष्कळ तालांत तेच ते असतात, पण सांगबान बदलला की ताल बदलला.

मला मिळाला केंकेनी. सबंध तालात त्याचं काम दोन-तीन आघातांचं, तेच पुन्हा पुन्हा, आणि वरून घंटा. पहिल्या शनिवारी मी जरा हिरमुसले होते. तिसऱ्या शनिवारपर्यंत समजलं की बाकीचे बावीस जण त्या दोन आघातांवर उभे आहेत. मी एक क्षण सांगबान ऐकत रमले आणि माझा आघात पुढे सरकला, की सगळी खोली घसरायची. सर थांबवायचे नाहीत. नुसते माझ्याजवळ येऊन घंटेकडे बघत उभे राहायचे.

माझी खरी अडचण मात्र दुसरीच होती, आणि तिच्यासाठीच हा धागा काढला आहे. मी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधत होते. आपल्याला सवय असते ना, आवर्तन कुठून सुरू झालं, कुठे येऊन पडायचं. इथे प्रत्येक वाद्याचा तुकडा वेगळ्या जागेवरून सुरू होतो. माझा केंकेनी 'एक'वर नव्हता, दुनदुनबा तिसऱ्याच ठिकाणी उमटायचा. मी मनात आकडे मोजायचे, दोन आवर्तनं बरी जायची आणि मग सम उलटी व्हायची : ज्याला मी 'एक' समजत होते तो 'दोन'च्या पुढचा अर्धा असायचा. चौथ्या शनिवारी अगदी रडकुंडीला आले. सरांनी विचारलं, मोजतेस का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मोजू नकोस, त्यांच्याकडे बघ. आणि समोर नाचणाऱ्या त्या दोन आज्यांकडे बोट दाखवलं.

मी आज्यांच्या पायांकडे बघितलं. एक आजी अनवाणी होत्या, पायात पातळ मोजे, आणि पाऊल टेकताना टाच आधी अलगद वर उचलायच्या. ते पाऊल जिथे टेकलं तिथे लाकडी जमीन हलकीशी वाजत होती. सम तिथे होती. ती कुठल्याच वाद्यात वाजत नव्हती, सगळी वाद्यं तिच्या अवतीभवती वाजत होती. त्यानंतर माझी सम उलटी झाली नाही.

मला वाटतं, या तालांबद्दल कुणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन : नाच किंवा काम बाजूला काढलं की उरलेलं वादन अर्धंच राहतं. आम्ही वाजवलेला 'कासा' हा ताल गिनीच्या वरच्या भागातल्या मालिंके लोकांचा, शेतावरचा. कापणीला माणसं ओळीने लागतात, वादक त्यांच्याबरोबर शेतात असतात, गाणं चालू असतं, काम संपलं की गावजेवण. आपल्याकडची भलरी आठवा. 'कुकू' जंगलपट्ट्यातल्या बेयला भागातला, बायका मासेमारीहून परतल्यावर गोल धरून नाचायच्या तो. 'यांकादी' आणि 'माकरू' ही सुसूंची जोडी, तरुण मुलामुलींच्या नाचाची : आधी संथ झुलता यांकादी, मग सर शिट्टी फुंकतात आणि ताल एकदम दुडक्या चालीचा माकरू होतो. तीनाच्या चालीतून चाराच्या चालीत ती उडी मारताना पोटात गोळा येतो, सहा शनिवार झाले तरी येतो.

आता कार्यक्रमाबद्दल. दुपारी चार वाजता धो धो पाऊस. हवा इतकी दमट की जेंबेची कातडी ढिली पडली, चाट मारली तर थप्प आवाज. सरांनी मोटारी सुरू करून हीटर लावायला सांगितले आणि आम्ही जेंबे मागच्या सीटवर कातडं वर करून बसवले. वाहनतळावर आठ गाड्या, काचा धुक्याने भरलेल्या, आत माणसांऐवजी ढोल. दर पाच मिनिटांनी सर एकेक दार उघडून टिचकी मारून ऐकत होते. वीस मिनिटांनी आवाज परत आला.

सभागृहात दीडशे-दोनशे माणसं असतील. पहिल्या रांगेत सरांच्या गावाकडच्या काही बायका ठेवणीतल्या कपड्यांत. कासा नीट झाला, यांकादी-माकरूही. कुकूला त्यांच्यातली एक उठली. मग दुसरी. त्या नाचत रंगमंचासमोर आल्या आणि सर आमच्याकडे पाठ करून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आम्ही सहा आठवडे जो एकल तुकडा ऐकला होता तो त्यांनी सोडूनच दिला. तिच्या पावलावर त्यांचा हात पडत होता, तिने खांदा उडवला की चाट, ती थबकली की शांतता. मग तिने पर्समधून नोट काढून सरांच्या कपाळाला लावली, आणि येता येता एक माझ्या केंकेनीवर ठेवली.

ती नोट मी देवाजवळ ठेवली आहे.

---

तबलजी

नीलमोहरताई, अप्रतिम लिहिलंय. सम पायात सापडल्याचं वाचून अंगावर काटा आला. कथकच्या साथीला बसतो, तेव्हा थोडं कळतं.

एक शंका. तीनाच्या चालीतले ताल बारा मात्रांचे धरायचे का? म्हणजे आपला एकताल?

---

नीलमोहर

तबलजी, धन्यवाद. बारा म्हणा, पण एकतालासारखे नाहीत. सरांनी पाचव्या शनिवारी घानातल्या एवे लोकांची घंटा दाखवली, तिच्यावरून सांगते. त्यांच्या दुहेरी घंटेला गांकोगुई म्हणतात. बारा मात्रा मोजा आणि आघात करा १, ३, ५, ६, ८, १० आणि १२ वर. सात आघात. आता पाय टाका १, ४, ७, १० वर.

करून बघा. पाय आणि घंटा फक्त १ आणि १० वर भेटतात, मधली दोन पावलं घंटेच्या मोकळ्या जागेत पडतात. आणि त्याच बारा मात्रांत कुणी दर दोन मात्रांनी टाळी देऊ शकतं, तीही बरोबरच असते. एकाला तीनाची चाल ऐकू येते, दुसऱ्याला दोनाची, आणि दोघं एकाच खोलीत वाजवतात. विलंबित एकतालात आपण मात्रेच्या आत भराव करतो. इथे मात्रा कुणाची, हेच वाद्यागणिक बदलतं.

---

पेटीवाली

थांबा थांबा! १, ३, ५, ६, ८, १०, १२? पेटीवर काळी एक-पांढरी एक करत बोटं ठेवून बघितली. पांढऱ्या एकपासून सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच आल्या. सा रे ग म प ध नी. बारा स्वरांतले सात शुद्ध स्वर, अंतरं तीच : दोन दोन एक, दोन दोन दोन एक. बिलावल थाट तालात वाजतोय!

मी अर्धा तास पेटी बाजूला ठेवून नुसती पट्ट्यांकडे बघत घंटा म्हणत बसले होते.

---

तबलजी

पेटीवाली, हे फार सुंदर आहे. आता मला ती घंटा पाठ झाली, विसरायची सोय नाही. शिष्यांनाही अशीच शिकवणार.

---

सह्यकडा

लेख आवडला, पण थोडं वेगळं सांगतो. पुण्यात आमच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी हॉटेलात 'ड्रम सर्कल' ठेवलं होतं. शंभर जणांना शंभर जेंबे, पाऊण तास बडवा, फोटो काढा. ताल कुठला, वाद्य कुठलं, एक शब्द नाही. शिकवणाऱ्याने सुरुवातीलाच सांगितलं की यात चूक काहीच नसते. मजा आली, नाही म्हणत नाही. पण तुमचं वाचल्यावर वाटलं, आम्हाला काहीच दिलं नाही. तुमच्या केंकेनीवर बावीस जण उभे होते म्हणता. आमच्याकडे मी थांबलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

---

नीलमोहर

सह्यकडा, तुमची तक्रार मला पटते. एकत्र बसून मोकळं वाजवण्याला माझा विरोध नाही, दमलेल्या माणसाला त्यातून बरं वाटतं. पण मग त्याला आफ्रिकी ताल म्हणू नये. कासाला नाव आहे, मुलूख आहे, हंगाम आहे. शंभर जणांना जेंबे मिळाले, दुनून एकही नव्हता ना? मग कणाच नव्हता.

नाव-गाव पुसलं जाण्याचा प्रश्न गिनीतही वेगळ्या रीतीने आला होता, म्हणून थोडं सांगते. गिनी १९५८ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि तिथल्या सरकारने गावोगावचे उत्तम वादक-नर्तक निवडून सरकारी पथकं बांधली. फोदेबा केता यांनी आधीच पॅरिसमध्ये सुरू केलेलं 'ले बाले आफ्रिकँ' राष्ट्रीय पथक झालं. हामाना भागातले फामूदू कोनाते त्याचे पहिले जेंबे एकलवादक. दुसऱ्या पथकातून, 'बाले जोलिबा'मधून, मामादी केता पुढे आले. १९५० चा जन्म, बालांदुगू गावचे. या पथकांमुळे ज्या गावात जो ताल कधी वाजलाच नव्हता तो तिथल्या मुलांच्या हाती आला, आणि जे गावात रात्रभर चालायचं ते रंगमंचावर काही मिनिटांत बसवावं लागलं. मिळालं पुष्कळ, गेलंही थोडं. पण मामादी केता जगभर शिकवायला फिरले तेव्हा प्रत्येक तालाबरोबर तो कुणाचा, कधी वाजतो, गाणं कुठलं हे सांगत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. आमचे सरही तसंच शिकवतात : गाणं आल्याशिवाय काठी हातात देत नाहीत.

---

कृष्णाकाठ

ढोल गाडीत शेकण्यावरून आठवलं. आमच्याकडे यात्रेत हलगीवाले पाचटाचा जाळ करून हलगी शेकतात, मगच कडाडते. पावसाळ्यात तर दर अर्ध्या तासाला. चामडं इथून तिथून सारखंच.

भलरीचं म्हणालात ते अगदी खरं. माझी आजी ज्वारी काढताना म्हणायची. आता यंत्र येतं, एका दिवसात रान मोकळं. भलरी म्हणणारं कुणी उरलं नाही.

---

नीलमोहर

कृष्णाकाठ, आजीला आठवत असतील तर शब्द लिहून ठेवा हो, चालीसकट फोनवर घेऊन ठेवा.

तुम्हाला आवडेल असा एक ताल सांगते, 'मोरिबायासा'. मालिंके बायकांचा. एखादीने मनात धरलेलं असतं, बहुतेकदा मूल व्हावं म्हणून, आणि ते पुरं झालं की ती जुने ठिगळांचे कपडे घालून वादकांना घेऊन गावाभोवती गात नाचत फेऱ्या घालते, गावच्या बाया तिच्यामागे. शेवटी ते जुने कपडे ठरलेल्या जागी सोडते. नवस फेडणंच. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला आईने यल्लम्माच्या डोंगरावर नेलं होतं तो दिवस आठवला, आणि गळा दाटून आला.

---

घुमटवाला

फोंड्याहून लिहितोय. आमचं घुमट म्हणजे मातीचा घडा, दोन तोंडं, एकाला कातडं, दुसरं उघडं. उघड्या तोंडावर डावा हात कमी-जास्त झाकून खर्ज फिरवायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने बंदी आली तसं आम्ही बकरीकडे वळलो. आवाज तसा येत नाही असं जुने लोक म्हणायचे. पण गणपतीत आरतीला आता सगळीकडे बकरीचंच, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. जेंबेच्या बकरीच्या कातड्याचे केस कसे काढतात? आम्हाला ती डोकेदुखी असते.

---

नीलमोहर

घुमटवाला, सरांनी एका शनिवारी समोर कातडं चढवून दाखवलं. कातडं पाण्यात भिजवून केसांसकटच चढवतात, कड्यांमध्ये पकडून दोरी हळूहळू ओढतात, आणि पुरतं वाळल्यावर वस्तऱ्याने केस काढतात, पाठीचा कणा मधोमध येईल असं ठेवून. चुना लावत नाहीत, त्याने कातडं मऊ पडतं म्हणतात. कडेला केसांची झालर तशीच ठेवतात.

---

अनामिका_०७

मी ढोल-ताशा पथकात आहे, सहा वर्षं. जेंबे बायका वाजवतात का तिकडे? आम्हाला सुरुवातीला पुष्कळ ऐकावं लागलं होतं.

आणि दुसरं, मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतलेच ना? त्यांच्याकडे हे ताल असतील का?

---

नीलमोहर

अनामिका, परंपरेने जेंबे-दुनून पुरुषांचेच. बायकांकडे गाणं, नाच, टाळ्या आणि भोपळ्याची वाद्यं. पण आता गिनीतच बायकांची जेंबे पथकं आहेत आणि जगभर कार्यक्रम करतात. आमच्या वर्गात तेवीसपैकी पंधरा बायका. सर म्हणाले, माझी आई मला गाण्यातून ताल शिकवायची, तिने ढोलाला हात लावला नाही एवढंच.

सिद्दी वेगळे. जंजिऱ्याच्या सिद्दींचं मूळ हबसाण (म्हणजे इथिओपिया) आणि पूर्व आफ्रिकेकडचं. गिनी-माली हा दुसरा किनारा, मध्ये अख्खा खंड. गुजरातच्या सिद्दींकडे मुगरमान नावाचा पाय असलेला उभा ढोल आहे, मालुंगा नावाचं धनुष्यासारखं वाद्य आहे, त्यांच्या धमाल या नाचाला गोमाही म्हणतात. तो शब्द पूर्व आफ्रिकेतल्या 'न्गोमा'चा, म्हणजे ढोल आणि नाच दोन्ही. शब्दातसुद्धा दोन्ही एकत्रच, बघा.

---

तबलजी

ओलातुंजींचं नाव आलं म्हणून. १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम' अल्बममध्ये ते आणि आपले झाकीरभाई एकत्र होते, शिवाय घटमवाले विक्कू विनायकराम. त्याला जागतिक संगीताचं ग्रॅमी मिळालं. आता ओलातुंजीही नाहीत, झाकीरभाईही नाहीत. काल रात्री हेडफोन लावून ऐकला, ताईंनी सांगितलेली घंटा मनात धरून.

---

सह्यकडा

नीलमोहर, शेवटचं. इथे पुण्यात जेंबे घ्यायचा झाला तर काय बघू? आणि एकट्याने सुरू करू का?

---

नीलमोहर

आधी एका बोटाने काठावर टिचकी मारा, चारही बाजूंना आवाज सारखा हवा. मग आतून हात घाला, भिंत खडबडीत असली तरी चालेल, पण भेग नको. तोंडाची कडा गोल घासलेली हवी, धारदार असेल तर बोटं सोलून निघतात. लाकूड हलकं फुलकं असेल तर ते सजावटीचं आहे, राहू द्या. वाजवताना अंगठी काढा.

एकट्याने नका सुरू करू. आधी दोघं-तिघं जमवा, त्यातल्या एकाला घंटा द्या, लोखंडी पाईपचा तुकडा आणि मोठा खिळाही चालेल. अनामिकाताई पुण्यातच आहेत ना? पथकाचा ढोल काठीने वाजतो, दुनूनच्या जागी छान चालेल. आणि एकजण नाचणारा हवाच.

---

अनामिका_०७

मी आहे. ढोल माझा, घंटा पण आणते. सह्यकडा, गणपती झाले की रविवारी सकाळी जमतंय का बघा. माझी बहीण नाचते.

---

सह्यकडा

जमतंय. व्यक्तिगत निरोप केलाय.